एकाकी आश्रयार्थी बालक आणि वारसाचा प्रश्न

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीची यात्रा भरते. देवीला सारा महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणत असला, तरी गड कळवण तालुक्यात आहे आणि वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात. मात्र नाशिककडून गडाकडे जाणाऱ्यांची वाट वणीवरूनच जाते. त्या गर्दीत एखाद्या मुलाचा हात सुटतो. कोणीतरी त्याला पोलिसांच्या चौकीवर आणून बसविते, त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला जातो आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाते. पुढे जे घडते ते मात्र आपण सहसा लक्षपूर्वक पाहत नाही. मुलावर हक्क सांगणारा माणूस आला म्हणजे चौकीवरचा अनुभवी शिपाई मूल लगेच हवाली करीत नाही. तो आलेल्या माणसाला मुलाचे नाव विचारतो, गाव विचारतो; आणि तो उत्तरे देत असताना शिपायाची नजर त्या माणसावर नसून मुलावर असते. मूल त्याच्याकडे धावते की मागे सरकते, हा त्या चौकशीतील निर्णायक पुरावा असतो.

एकट्या सापडलेल्या बालकाच्या संरक्षणाचे बहुतेक सारे शास्त्र या प्रसंगात बीजरूपाने आढळते. अन्न, निवारा व औषध ही पहिली गरज खरी. परंतु खरा अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे. या मुलावर हक्क कोणाचा, त्याच्या वतीने बोलणार कोण, आणि हे ठरविताना खुद्द मुलाच्या म्हणण्याला वजन किती? यात्रेत हा प्रश्न बहुधा घटकाभरात सुटतो, कारण दोन गोष्टी आपण गृहीत धरलेल्या असतात. मुलाला घर आहे, आणि घरी पोचविणे म्हणजेच त्याला सुरक्षित करणे. आश्रय मागण्यासाठी परक्या देशात एकट्याने आलेल्या मुलाच्या बाबतीत यांपैकी दुसरे गृहीतक कोसळते. त्याच्या घराचा पत्ता लागणे, त्याच्या देशाच्या सरकारला तो येथे असल्याचे कळणे, हीच त्याच्यावर येणारी आपत्ती ठरू शकते. प्रस्तुत लेखात या एका भेदाचा विचार करावयाचा आहे. कारण आपली बालसंरक्षणाची यंत्रणा मुख्यतः पहिल्या प्रकारच्या मुलासाठी घडविलेली आहे.

प्रथम संज्ञांविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या सहाव्या सामान्य टिप्पणीत दोन प्रकार वेगळे केले आहेत. आईवडील व अन्य नातलग या दोहोंपासून दुरावलेले, आणि कायद्याने वा रूढीने ज्याच्यावर जबाबदारी आहे असा कोणीही प्रौढ ज्याचा सांभाळ करीत नाही, ते एकाकी बालक. आईवडिलांपासून दुरावलेले, परंतु अन्य नातलगाबरोबर असू शकणारे, ते विलग बालक. हा भेद समजण्यासाठी दूर जावयास नको. सुरगाणा व पेठ या भागांतून द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी तालुक्यात येणाऱ्या कुटुंबांबरोबर काकाच्या वा थोरल्या बहिणीच्या आश्रयाने आलेले मूल विलग असते, एकाकी नसते. त्याचा काका हा त्याचा खरा आधार असतो, पण कागदोपत्री तो कोणीच नसतो.

आपल्या व्यवहारात अशा मुलाला सर्रास ‘बेवारस’ म्हणतात. हा शब्द मालमत्तेच्या व्यवहारातून आलेला आहे. वारस हा मालमत्तेवर हक्क सांगतो. तेव्हा बेवारस मूल म्हणजे ज्याच्यावर कोणी हक्क सांगितलेला नाही ते. मुलालाही कोणावर हक्क असतो, ही कल्पना त्या शब्दात मुळीच नाही. ‘पालक’ या शब्दाची अडचण निराळी आहे. जन्मदाते आईबाप आणि न्यायालयाने नेमलेला संरक्षक या दोघांनाही मराठीत आपण पालकच म्हणतो. त्यामुळे ‘याचे पालक कोण?’ या प्रश्नाला ‘ते परदेशात आहेत’ असे उत्तर मिळाले की चौकशी संपल्यासारखी वाटते. वास्तविक ती तेथूनच सुरू व्हावयास हवी.

हक्क सांगणाऱ्याची पारख करताना यंत्रणा दोन्ही बाजूंना चुकू शकते. दुसऱ्या बाजूची चूक आपल्याच जिल्ह्यात नुकतीच घडली. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसने बिहारमधून महाराष्ट्रातील मदरशांकडे निघालेली ५९ मुले भुसावळ व मनमाड या स्थानकांवर उतरविण्यात आली. त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांवर मुलांच्या अपव्यापाराचा आरोप ठेवून त्यांना अटक झाली. मुलांना नाशिक व भुसावळ येथील निवाऱ्यांत सुमारे बारा दिवस काढावे लागले. आईवडिलांनी आपणच मुले पाठविल्याचे सांगितले, आणि पुढे मार्च २०२४ मध्ये हे गुन्हे गैरसमजातून नोंदले गेल्याचे मान्य होऊन प्रकरणे बंद झाली. संशय घेणे हे रेल्वे पोलिसांचे कामच होते, हे मान्य केले पाहिजे. मोठ्या संख्येने मुले लांबच्या प्रवासाला निघाली असता कोणी विचारपूसच केली नसती, तर तो अधिक गंभीर दोष ठरला असता. परंतु संशयाचे निरसन मुलांना सोबतच्या ओळखीच्या माणसांपासून तोडूनच झाले पाहिजे होते काय? मुलांच्या तोंडून, त्यांच्या भाषेत, पहिल्या दिवशी जे कळू शकले असते, ते कळण्यास बारा दिवस लागले, एवढे खरे.

आता ज्या प्रकरणात हा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पटावर आला, त्याकडे वळू. हे प्रकरण महाराष्ट्राशी निगडित आहे, आणि निर्वासितांच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ते जितके माहीत असावे तितके नाही.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्व पोलंडमध्ये शिरले. १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथील लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर, ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील पोलिश निर्वासित सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला, आणि हद्दपारांची सुटका होऊ लागली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये स्त्रिया व मुलेही कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. त्यांत अनाथ मुलांची संख्या मोठी होती. मात्र ‘अनाथ’ हा शब्द येथे सावधपणे वापरावयास हवा. उपाशी मुलाला निदान अनाथालयाच्या गाडीत तरी जागा मिळेल, या आशेने काही आयांनी आपली मुले अनाथ म्हणून सोपविली होती. या एका तपशिलाने पुढील सारा गुंता निर्माण झाला.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात, समुद्रकाठी बालाचडी येथे, या मुलांसाठी छावणी उभारली. मुलांची पहिली तुकडी अश्काबादहून मालमोटारींनी इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि बालाचडीची घरे तयार होईतो १९४२ च्या उन्हाळ्यात ती मुंबईस वांद्रे येथे राहिली. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बनाशिन्स्की व त्यांच्या पत्नी किरा बनाशिन्स्का यांनी या कामाचा भार उचलला होता. मुले जामसाहेबांना ‘बापू’ म्हणत. दुसरी, कितीतरी मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये वसली. पंचगंगेच्या परिसरात सुमारे ५,००० पोलिश लोक, प्रामुख्याने स्त्रिया व मुले, १९४८ पर्यंत राहिले. त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालत, त्यांचे चर्च होते, रुग्णालय होते, बालवीरांची पथके होती. मुलांना आपली भाषा व आपला धर्म राखू द्यावा, हे तत्त्व पुढे १९८९ च्या बालहक्कांच्या संहितेत विसाव्या कलमात आले. वळिवड्याच्या बराकींत ते आधीच आचरणात होते.

इथपर्यंतची कथा औदार्याची आहे, आणि समारंभांतून तीच सांगितली जाते. प्रश्न उभा राहिला तो १९४५ नंतर. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली. ज्या सरकारच्या नावाने या मुलांची देखभाल चालली होती, तेच एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने नाहीसे झाले. आता मुलांचा वारस कोण? नवे सरकार म्हणू लागले की, ही पोलंडची मुले आहेत, ती परत आली पाहिजेत. छावणीतील लोकांच्या दृष्टीने ज्या सत्तेने त्यांना घरादारातून उखडले, तिच्याच छायेत हे सरकार उभे होते. शिवाय पुष्कळांची गावे आता पोलंडमध्ये उरलीच नव्हती, ती सोव्हिएत संघात गेली होती. ‘घरी परत पाठवा’ या वाक्यातील घर नकाशावरून पुसले गेले होते.

या पेचातून काढलेला मार्ग लक्षणीय आहे. जामसाहेब, बालाचडी छावणीचे प्रमुख फादर फ्रान्चिशेक प्लुता आणि ब्रिटिश संपर्काधिकारी जेफ्री क्लार्क या तिघांनी अनाथ मुलांना संयुक्तपणे कायदेशीर दत्तक घेतले, असे या विषयाच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. हेतू उघड होता. मुलाला जिवंत, कायदेशीर पालक मिळाला की ते ‘बेवारस’ उरत नाही, आणि मग कोणत्याही सरकारला त्याच्यावर परस्पर हक्क सांगता येत नाही. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी मिटली व तेथील मुले वळिवड्यास आली. पुढे कोणी ब्रिटनला, कोणी अमेरिकेला, कोणी अन्यत्र गेले, तर काही जण पोलंडला परतले.

प्रस्तुत लेखकाच्या मते या उपायाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सर्व मुले खरोखर अनाथ नव्हती, हे वर सांगितलेच आहे. ज्या आईने मूल वाचविण्यासाठी ते अनाथ म्हणून सोपविले, तिच्या दृष्टीने हा दत्तकविधी रक्षण होता की अंतिम ताटातूट? वॉर्सा सरकारचा दावा राजकीय होता यात शंका नाही, तथापि त्या दाव्याच्या आड कोठेतरी अशी एखादी आईही उभी असणे अशक्य नव्हते. एका बाजूला राज्यसत्ता आणि दुसऱ्या बाजूला तीन सद्भावी प्रौढ. या दोहोंत निवड करावयाची तर आपला कल प्रौढांकडे झुकतो. परंतु चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःला काय वाटते, हे विचारून नोंदवून ठेवण्याची रीत त्या काळी दोन्ही पक्षांत रुळलेली नव्हती.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा कलही तेव्हा परत पाठविण्याकडेच होता. डिसेंबर १९४६ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेच्या घटनेत सोळा वर्षांपर्यंतच्या एकाकी बालकांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना अग्रक्रमाने साहाय्य द्यावे, आणि ज्यांचे राष्ट्रीयत्व ठरविता येते त्यांना सामान्यतः मायदेशी परतण्यास मदत करावी, असे तीत म्हटले होते. प्रौढाला परतण्यास नकार देता येत होता. मुलाच्या नकाराचे काय, याचे उत्तर त्या ‘सामान्यतः’ या एका शब्दात दडले होते.

मुलाचे मत न विचारता केलेले संरक्षण कोणत्या थराला जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. फाळणीनंतर १९४९ साली अपहृत व्यक्तींच्या शोधाचा व परत पाठवणीचा कायदा झाला. कुटुंबापासून दुरावून दुसऱ्याच्या ताब्यात राहणारी कोणत्याही वयाची मुस्लिम स्त्री आणि सोळा वर्षांखालील मुस्लिम मुलगा यांना ‘अपहृत’ ठरवून ताब्यात घेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. आणि अशा स्त्रीला १ मार्च १९४७ नंतर झालेले मूलही त्या व्याख्येत घातले. म्हणजे ज्याचे अपहरण कधी झालेच नाही, ते अर्भकही अपहृत! व्यक्तीची स्वतःची इच्छा हा कायद्याने निर्णायक मुद्दा मानला नव्हता. १९५२ साली ‘पंजाब राज्य विरुद्ध अजैब सिंग’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अशी ताब्यात घेण्याची क्रिया ही संविधानाच्या बाविसाव्या कलमातील अटक नव्हे, असा निर्णय दिला. हा कायदा १९५७ नंतर चालू राहिला नाही. पण त्यातील तर्क नाहीसा झालेला नाही. प्रत्येक मुलाचे एक ‘स्वाभाविक’ स्थान असते व ते त्याच्या समाजाने किंवा राष्ट्राने ठरविलेले असते, हा तो तर्क होय.

आजचा कायदा या तर्कापासून बराच दूर आला आहे. भारताने १९५१ चा निर्वासितविषयक करार व १९६७ चा त्याचा पूरक करार यांवर सही केलेली नाही. परंतु बालहक्कांच्या संहितेला भारत डिसेंबर १९९२ मध्ये बांधला गेला, आणि तिचे बाविसावे कलम आश्रय मागणाऱ्या बालकाविषयीच आहे, मग ते आईवडिलांबरोबर असो वा नसो. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकविसाव्या कलमाचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे असे स्पष्ट केले. मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या स्थलांतर व परकीय नागरिकविषयक कायद्यात, पूर्वीच्या १९४६ च्या कायद्याप्रमाणेच, ‘निर्वासित’ असा स्वतंत्र वर्ग व्याख्येने सांगितलेला नाही. त्या कायद्याच्या दृष्टीने असे मूल प्रथम परकीय असते.

२०१५ चा बालन्याय कायदा त्याकडे प्रथम मूल म्हणून पाहतो. त्यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. नागरिकत्वाची अट नाही. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर केले पाहिजे. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी व्हावी, आणि प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, असे बंधन आहे. नाशिकची समिती वणीच्या यात्रेत चुकलेल्या मुलाचा विचार ज्या कलमांखाली करील, त्याच कलमांखाली म्यानमारमधून वा अफगाणिस्तानातून एकट्याने आलेल्या मुलाचाही करू शकते. ही फार मोठी जमेची बाजू आहे. अडचण आहे ती यंत्रणेच्या वळणात. कुटुंबाकडे परत सोपविणे हे या कायद्याचे मुख्य उद्दिष्ट आहे, आणि सर्वसाधारण मुलाच्या बाबतीत ते योग्यच आहे. म्हणून परदेशी मूल समोर आले की, त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवावे, हाच कोणाही प्रामाणिक अधिकाऱ्याला सुचणारा पहिला विचार असतो. आश्रयार्थी मुलाच्या बाबतीत तो शेवटचा असावयास हवा. सहाव्या सामान्य टिप्पणीत कुटुंबाचा शोध घेण्याचा आग्रह आहे. पण त्या शोधामुळे मूल किंवा त्याचे मागे राहिलेले नातलग धोक्यात येणार असतील तर तो घेऊ नये, आणि मुलाने आश्रय मागितला आहे ही गोष्ट उघड होऊ देऊ नये, असेही तीत आहे. ज्या व्यक्तीचे वा संस्थेचे हितसंबंध मुलाच्या हिताशी विरोधी असू शकतात, तिला संरक्षक नेमू नये, हे तत्त्वही तीत सांगितले आहे.

वयाच्या प्रश्नावर थोडे थांबले पाहिजे, कारण संरक्षण मिळणार की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरते. बालन्याय कायद्याच्या चौऱ्याण्णवाव्या कलमाप्रमाणे प्रथम शाळेचा दाखला वा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसल्यासच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम आहे. आश्रयार्थी मुलाजवळ कागद नसतो, कारण कागद देणाऱ्या सत्तेपासूनच ते पळालेले असते. उरते ती हाडांची तपासणी. आणि तिच्यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच ‘जया माला’ प्रकरणात मान्य केले आहे. सोळा व वीस यांत भेद न करू शकणारी कसोटी अठराची रेषा कशी आखणार? अफगाणिस्तानातून युरोपात गेलेल्या कितीतरी मुलांच्या कागदांवर १ जानेवारी ही जन्मतारीख असते, यावरून तेथील अधिकारी त्यांना लबाड समजतात. आपल्याला यात नवल वाटू नये. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा जन्म १ जून रोजी झालेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो लावून दिला, एवढेच. त्या तारखेमुळे आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी खोटे ठरविले नाही.

निवारा दिला पण संरक्षक दिला नाही म्हणजे काय होते, हे इंग्लंडच्या अलीकडील अनुभवावरून दिसते. याच देशाने १९३८–३९ मध्ये नाझींच्या छळातून सुमारे १०,००० मुलांना, बहुतांश ज्यू, आईवडिलांवाचून आश्रय दिला होता. तेथील १९८९ च्या बालकविषयक कायद्यान्वये एकाकी मुलाची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर येते. परंतु २०२१ पासून गृहखात्याने अशा मुलांना थेट हॉटेलांत ठेवण्यास सुरुवात केली. खोल्या होत्या, जेवण होते, पहारेकरीही होते. कायद्याने उत्तरदायी असा कोणी नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सुमारे २०० मुलांचा पत्ता लागत नव्हता. जुलै २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ही नित्याची पद्धत बेकायदेशीर ठरविली. ही मुले कोणी पळविली असे प्रत्येक बाबतीत सांगता येणार नाही. मात्र ती नाहीशी झाली तेव्हा त्यांचा शोध घेणे हे नेमके कोणाचे कर्तव्य आहे, याविषयीच संस्थांत वाद चालू होता.

याउलट धरमशाळेचा प्रयोग आहे. मे १९६० मध्ये जम्मूकडील रस्त्याच्या कामावर असलेल्या तिबेटी निर्वासितांच्या छावण्यांतून ५१ मुले तेथे आली, आणि त्यांतून पुढे तिबेटी बालग्राम उभे राहिले. तेथे मुले घरांत विभागली जातात, प्रत्येक घराला सांभाळणारे आईबाप असतात आणि थोरली मुले धाकट्यांना पाहतात. नंतरच्या काळात हिमालय ओलांडून एकट्याने आलेल्या कितीतरी मुलांना हे घर मिळाले.

मग समजा, मनमाड जंक्शनवर उद्या असे एखादे मूल उतरले आणि नाशिकच्या समितीपुढे आले, तर काय करावे? कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रश्नांचा क्रम बदलावा लागेल. ‘तुझे घर कोठे?’ याच्या आधी ‘तू तेथून का निघालास?’ हे विचारले पाहिजे, आणि तेही त्याच्या भाषेत. दुभाषी त्याच्या गावचा नसावा, विशेषतः तो गावातील विरुद्ध गटाचा नसल्याची खात्री असावी. भाषेची अडचण केवळ परदेशी मुलाचीच असते असेही नाही. सुरगाण्याकडील कोकणा बोलणारे लहान मूल कचेरीतील मराठीपुढे गप्प होते आणि त्या गप्प राहण्याची नोंद कधीकधी ‘माहिती देत नाही’ अशी होते. योग्य व्यक्ती म्हणून ज्याची निवड व्हावयाची त्याचे मुलाशी नाते कागदाने नव्हे, तर दोघांना वेगवेगळे बसवून विचारलेल्या साध्या प्रश्नांनी तपासावे. वकिलातीस कळविण्यापूर्वी दिल्लीतील संयुक्त राष्ट्र निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा. आणि मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, आदेशाच्या कागदाला जोडून ठेवावे. कारण चार महिन्यांनी समितीचे सदस्य बदललेले असतील, दुभाषी निघून गेलेला असेल, आणि तोवर कोणीतरी एक माणूस त्या मुलाचा मामा म्हणून दाराशी येऊन उभा असेल.